फायटिंग गेममध्ये अंदाज कुणाला लावावा लागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘स्ट्रीट फायटर ६’ या दोघांनी समोरासमोर लढायच्या व्हिडिओ गेममधील आपल्या पात्राचे सगळे कॉम्बो (एकमेकांना जोडलेले फटके) ट्रेनिंग मोडमध्ये पक्के बसवले, रोज सराव केला, तरी एका पातळीनंतर प्रगती थांबते आणि हरलेला प्रत्येक सामना ‘त्याचा अंदाज बरोबर आला, माझा चुकला’ एवढ्यावरच येऊन ठेपतो, मग बोटांची चपळाई आणि नशीब यांच्या पलीकडे या खेळात खरोखर काही खोली आहे का? मी अनेक वर्षे हे गेम स्पर्धांमध्ये खेळत आलो आहे आणि नव्या खेळाडूंना शिकवतही आलो आहे. या काळात हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यापुढे आला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

अंदाज लावणे या खेळात कुणालाच टाळता येत नाही. जगातले सर्वोत्तम खेळाडूही चुकीचा अंदाज लावतात आणि त्याची किंमत मोजतात. मात्र अंदाज लावण्याची पाळी दोघांपैकी कुणावर यावी, ती किती वेळा यावी आणि चुकल्यास किती नुकसान व्हावे, या तीन गोष्टी नशिबाने ठरत नाहीत. त्या ठरवण्याची धडपड म्हणजेच या खेळातले कौशल्य, असे माझे ठाम मत आहे. तुम्ही हरता तेव्हा शेवटचा अंदाज तुम्हाला दिसतो. त्याआधीच्या दहा सेकंदांत तुम्ही त्या अंदाजापर्यंत कसे ढकलले गेलात, हे दिसत नाही.

आधी वेळेचा हिशेब पाहू. हे गेम सेकंदाला ६० फ्रेम या गतीने चालतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. डोळ्यांना काही दिसून बोट हलेपर्यंत माणसाला साधारणपणे २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे १२ ते १५ फ्रेम लागतात, आणि हेही तेव्हा, जेव्हा काय दिसणार आणि काय दाबायचे हे आधीच ठरलेले असते. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये थ्रो (पकडून फेकणे, जे ब्लॉकने अडत नाही) ५ फ्रेमांत पकड घेतो, तर सर्वांत जलद ठोसे ४ फ्रेमांत लागतात. ते पाहून उत्तर देणे कोणत्याही माणसाला शक्य नाही. तिथे आधीच ठरवावे लागते. याउलट उडी पूर्ण व्हायला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, त्यामुळे ती पाहून खाली पाडता येते आणि पाडायलाच हवी. म्हणजे खेळातील प्रत्येक चाल ‘पाहून उत्तर देता येते’ आणि ‘पाहून उत्तर देता येत नाही’ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते. प्रतिस्पर्ध्याला दुसऱ्या टोकाकडे ढकलत राहायचे आणि आपण स्वतः पहिल्या टोकाजवळ राहायचे, हा सगळ्या डावपेचांचा पाया आहे.

आता अंदाजाची किंमत कशी ठरते, ते एका खऱ्या प्रसंगावरून पाहू. तुम्ही जमिनीवर पडून उठत आहात आणि प्रतिस्पर्धी शेजारी उभा आहे. त्याच्याकडे बरेच पर्याय असतात, पण सोपे करण्यासाठी दोनच धरू: तो थ्रो करेल, किंवा थ्रोच्या अंतरावर येऊन ऐन वेळी एक पाऊल मागे सरकेल, तुमचा थ्रो तोडण्याचा प्रयत्न हवेत जाऊ देईल आणि मोठा कॉम्बो मारेल. या दुसऱ्या चालीला खेळाडू शिमी म्हणतात. तुमच्याकडेही दोन पर्याय आहेत: ब्लॉक धरून राहणे, किंवा थ्रो तोडण्यासाठी स्वतः थ्रोची बटणे दाबणे. बहुतेक पात्रांचे आयुष्य, म्हणजे मार सोसण्याची क्षमता, १०,००० असते आणि साध्या थ्रोने त्यातले १,२०० जातात. शिमीनंतरच्या कॉम्बोने ३,००० जातात असे धरू. तुम्ही नेहमी ब्लॉक धरलात तर तो नेहमी थ्रो करेल आणि दर वेळी १,२०० घेईल. तुम्ही नेहमी थ्रो तोडायला गेलात तर तो नेहमी मागे सरकून ३,००० घेईल. गणित मांडले तर उत्तर असे येते की तुम्ही सातपैकी सुमारे दोन वेळा थ्रो तोडावा आणि पाच वेळा ब्लॉक धरावा. मग त्याने काहीही केले तरी त्याला सरासरी ८५७च्या पलीकडे काही मिळत नाही. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याने सातपैकी पाच वेळा थ्रो आणि दोन वेळा शिमी करणे हे समतोलाचे प्रमाण आहे.

हे प्रमाण तोंडपाठ करावे असा माझा आग्रह नाही, कारण प्रत्यक्ष खेळात उठताना मारलेला शोर्युकेन (वर उसळणारा ठोसा), मागे घेतलेली झेप, उशिरा दाबलेला थ्रो असे आणखी पर्याय असतात आणि आकडे बदलतात. मात्र यातून दोन गोष्टी समजतात. पहिली अशी की ‘अर्धे-अर्धे’ हा समज चुकीचा आहे. थ्रो खाणे ही अनेकदा योग्य गोष्ट असते आणि थ्रो खाल्ल्यावर चिडून पुढच्या वेळी घाईने बटण दाबणारा खेळाडू स्वस्त नुकसान महाग करून घेतो. दुसरी अशी की किंमत बदलली की योग्य निर्णयही बदलतो. तुमचे आयुष्य १,२०० किंवा त्याहून कमी उरले असेल, तर थ्रो आणि कॉम्बो दोन्हींचा परिणाम एकच, म्हणजे राउंड गेला. तिथे समतोल खरोखर निम्मा-निम्मा होतो, म्हणजे थ्रो तोडण्याचे प्रमाण तुम्हाला सातपैकी दोनवरून निम्म्यापर्यंत वाढवावे लागते. मी पाहिलेले बहुतेक मधल्या पातळीचे खेळाडू नेमके उलटे करतात. भरपूर आयुष्य असताना ते अधीरपणे थ्रो तोडायला जातात आणि शेवटच्या थेंबावर आले की घाबरून ब्लॉक घट्ट धरून बसतात. अनुभवी प्रतिस्पर्ध्याला हे ठाऊक असते, म्हणून तो शेवटी चालत येऊन साधा थ्रो करतो आणि राउंड संपवतो. बघणाऱ्याला ते नशीब वाटते.

याच प्रसंगात जागेचे महत्त्व येते. मैदानाच्या मध्यभागी थ्रो खाल्ला तर तुम्ही दूर फेकले जाता आणि पुन्हा जवळ येण्यासाठी त्याला काहीतरी खर्च करावे लागते. कोपऱ्यात मात्र तुम्हाला मागे जायला जागा नसते, त्यामुळे बहुतेक पात्रे थ्रोनंतर लगेच तोच प्रश्न पुन्हा विचारू शकतात. अंदाज तोच, त्याचे नुकसानही तेच, पण तो एकदा लावायचा की सलग चारदा, हे कोपऱ्याने ठरवले. ड्राइव्ह गेजचेही तसेच आहे. सहा पट्ट्यांचा हा साठा मोठे हल्ले ब्लॉक करताना कमी होत जातो आणि संपला की बर्नआउट होते: प्रत्येक ब्लॉकनंतर तुम्ही नेहमीपेक्षा ४ फ्रेम जास्त अडकून राहता, विशेष चाली ब्लॉक केल्या तरी आयुष्य झिजते आणि कोपऱ्यात ड्राइव्ह इम्पॅक्ट (एक जोरदार, पण संथ फटका) बसला तर पात्र गरगरून उभे राहते. म्हणून चांगला खेळाडू कोपऱ्याकडे सरकणारी दोन पावले आणि गेजमधली एक पट्टी यांचा हिशेब आयुष्याइतक्याच काळजीने ठेवतो. कोणत्याही व्यावसायिक सामन्यात आयुष्याच्या पट्टीवरून नजर काढून फक्त दोघांची जागा पाहत राहा. राउंड कुणाकडे झुकतो आहे, ते तुम्हाला बरेच आधी कळू लागेल.

तरीही माझ्या मते या खेळाचे सर्वांत समृद्ध अंग हे पडण्या-उठण्यात नसून त्याआधीच्या अंतराच्या झुंजीत आहे. दोन्ही पात्रे एकमेकांच्या लाथेच्या टोकाबाहेर उभी आहेत, पुढे-मागे होत आहेत, आणि वरवर काहीच घडत नाही. कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे दृश्य अनोळखी वाटू नये: चढाईपटू बोनस रेषेपाशी पाय पुढे-मागे करतो, तेव्हा तो कोपरा-रक्षकाला चुकीच्या क्षणी झेपावायला लावत असतो. ‘स्ट्रीट फायटर’मध्ये र‍्यूची बसून मारलेली मधली लाथ हे या झुंजीतले सर्वांत परिचित शस्त्र आहे. ती लागली तर हादोकेनला, म्हणजे हातातून सुटणाऱ्या फायरबॉलला, जोडता येते; ती ठरावीक अंतरावर ब्लॉक झाली तर फारसे बिघडत नाही; पण ती हवेत गेली तर पाय परत येईपर्यंतच्या काळात समोरचा त्याच पायावर मारू शकतो. म्हणून प्रतिस्पर्धी लाथेच्या टोकाच्या आत एक पाऊल टाकतो आणि लगेच मागे घेतो. तुम्ही लाथ मारलीत तर ती हवेत जाते. न मारता थांबलात तर पुढच्या वेळी तो मागे न जाता सरळ आत येतो. इथे कुणी काही ‘केले’ असे दिसत नाही, पण दर सेकंदाला दोघेही एकमेकांच्या सवयी मोजत असतात.

फायरबॉलचा उपयोगही मुख्यतः हाच आहे. हादोकेनने होणारे नुकसान किरकोळ असते. तो समोरच्याला निर्णय घ्यायला भाग पाडतो. ब्लॉक केला तर तो जागेवर अडकतो, उडी मारली तर शोर्युकेनची शिक्षा होते, आणि शोर्युकेनच्या भीतीने तो थांबला तर र‍्यू फायरबॉलच्या मागून चालत येतो. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’पासून ही मांडणी टिकून आहे, कारण तिचे तिन्ही दुवे एकमेकांना आधार देतात. गाइलचे पात्र याहूनही बारकाईने रचलेले आहे. त्याचा सॉनिक बूम हा फायरबॉल मारायला आधी काही काळ मागची दिशा दाबून धरावी लागते. म्हणजे गाइल पुढे चालताना दिसला की त्या क्षणी त्याच्याकडे बूम नाही, हे समोरच्याला कळते. हात कोणत्या दिशेला आहे ही माहिती पात्राच्या हालचालीतून गळते, आणि मुरलेला गाइल खेळाडू ही गळती कमीत कमी ठेवायला शिकतो. बटणांचा अवघड क्रम हा केवळ नवशिक्याला अडवण्यासाठी ठेवलेला अडथळा आहे, असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी गाइलकडे बोट दाखवतो.

प्रतिक्रियेच्या वेगाबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ड्राइव्ह इम्पॅक्ट लागायला २६ फ्रेम, म्हणजे सुमारे ४३३ मिलिसेकंद लागतात. केवळ त्याचीच वाट पाहत बसलेल्या कुणालाही तो पाहून उलट ड्राइव्ह इम्पॅक्ट मारता येतो. तरीही मोठ्या स्पर्धांमध्ये नामवंत खेळाडूंना तो लागतो. कारण सामन्यात मन एकाच गोष्टीची वाट पाहत नसते: समोरचा उडी मारेल का, ड्राइव्ह रशने झपाट्याने आत येईल का, आपली लाथ हवेत जाईल याची वाट पाहतो आहे का, वेळ किती उरला आहे, हे सगळे एकाच वेळी डोक्यात असते आणि पर्याय वाढले की प्रतिक्रिया मंदावते. कुशल खेळाडू म्हणूनच आधी समोरच्याचे लक्ष वाटून टाकतो. दोन वेळा उडी मारून तो त्याची नजर वर खेचतो, दोन वेळा आत चालत येऊन ती खाली आणतो, आणि मग ड्राइव्ह इम्पॅक्ट वापरतो. कागदावर जी चाल पाहून उत्तर देण्याजोगी होती, ती त्याने अंदाजाची केली.

२०२३ साली हांगझोउ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने जिंकले, तेव्हा त्याचे वय ४४ होते. या प्रकारात भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास हेही खेळले होते. केवळ बोटांच्या वेगावर निकाल लागत असता, तर चाळिशी ओलांडलेल्या माणसाला विशीतल्या खेळाडूंच्या गर्दीतून पदकापर्यंत पोहोचता आले नसते.

या संदर्भात २००४ सालचा तो प्रसिद्ध प्रसंगही नीट सांगायला हवा, कारण तो जवळपास नेहमी चुकीच्या कारणासाठी सांगितला जातो. कॅलिफोर्नियातील पोमोना येथे झालेल्या ईव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’च्या सामन्यात जपानचा दाइगो उमेहारा केन हे पात्र घेऊन आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-ली हे पात्र घेऊन खेळत होता. केनचे आयुष्य इतके कमी उरले होते की एखादी विशेष चाल ब्लॉक केली तरी तो संपला असता. वाँगने १५ फटक्यांची सुपर चाल सोडली आणि उमेहाराने ते सगळे फटके पॅरी केले, म्हणजे नुकसान न होऊ देता परतवले, शेवटची लाथ तर उडी मारून हवेत पॅरी केली, आणि तिथून सुरू केलेल्या कॉम्बोने राउंड जिंकला. पॅरीसाठी फटका पोहोचण्याच्या क्षणी स्टिक पुढे ढकलावी लागते. पुढच्या चौदा फटक्यांचा ताल सरावाने बसवता येतो. अनेकांनी तो बसवलेलाही आहे. अवघड होता तो पहिला फटका, कारण सुपरचा झगमगाट दिसल्यानंतर स्टिक हलवायला सुरुवात केली, तर उशीर होतो. म्हणजे ती चाल याच क्षणी येणार हे उमेहाराने आधी ओळखले होते. ब्लॉक निरुपयोगी झाल्यामुळे वाँगला ती चाल सोडण्याचा मोह होणार, हेही त्याला ठाऊक होते. त्या स्पर्धेचे विजेतेपद पुढे अंतिम सामन्यात जपानच्याच केंजी ओबाता याने उमेहाराला हरवून मिळवले, ही गोष्ट मात्र फारसे कुणी सांगत नाही.

मग कॉम्बोंचे काय? ते मूळ आराखड्याचा भागही नव्हते. ‘स्ट्रीट फायटर २’ तयार होत असताना एका फटक्याला दुसरा जोडता येतो हे निर्मात्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी ते राहू दिले. कॉम्बोने अंदाजाची किंमत वाढते, एवढे त्याचे काम. बरोबर अंदाजाचे ८०० मिळणार की ३,०००, हे तुमचे हात ठरवतात, आणि म्हणून ते शिकायलाच हवेत. पण एकदा तो हमखास लागू लागला की त्यात आणखी शंभर तास घालून फारसे हाती येत नाही. हाताचे कौशल्य खऱ्या अर्थाने खोल कुठे होते, हे ‘टेक्केन’ या दुसऱ्या फायटिंग गेममधील मिशिमा घराण्याच्या इलेक्ट्रिक ठोशात दिसते. पुढे, मोकळी स्टिक, खाली, मग खाली-पुढे, आणि त्या शेवटच्या दिशेच्या अगदी त्याच फ्रेममध्ये ठोसा, असा तो क्रम आहे. एका फ्रेमने चुकलात तर ठोसा साधाच निघतो आणि तो ब्लॉक झाला तर तुम्हाला फटका बसू शकतो. अचूक जमला, तर ब्लॉक होऊनही पुढची पाळी तुमचीच राहते. इथे हाताने केवळ किंमत बदललेली नाही. पुढचा अंदाज कुणी लावायचा हेच बदलले आहे.

‘स्ट्रीट फायटर ६’मधील मॉडर्न, म्हणजे एका बटणावर विशेष चाल देणाऱ्या नियंत्रणांवरून जो वाद चालतो, त्यात माझे मत असे आहे की सोप्या नियंत्रणांनी खोली नष्ट होत नाही, तिचे ठिकाण बदलते. एका बटणावर शोर्युकेन मिळाल्याने उडी पाडणे सोपे होते, त्या बदल्यात शॉर्टकटने मारलेल्या विशेष चालीने होणारे नुकसान मूळच्या ८० टक्केच राहते आणि काही साधे ठोसे-लाथा हाताशी राहत नाहीत. समोर मॉडर्न खेळाडू असेल तर उडीचा भरवसा कमी करून जमिनीवरची झुंज वाढवावी लागते. मॉडर्न वापरणाऱ्याला कमी लेखणारे खेळाडू हा बदल करायला तयार नसतात, आणि त्यामुळेच हरतात.

एक गोष्ट पुस्तकी ज्ञानाने मिळत नाही, ती म्हणजे माणसांचा सहवास. २०१९ साली लाहोरच्या अर्सलान ॲशने आधी ईव्हो जपान आणि मग लास वेगासची ईव्हो अशा दोन्ही ‘टेक्केन ७’ स्पर्धा जिंकल्या; दुसऱ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने दक्षिण कोरियाच्या नी या दिग्गज खेळाडूला हरवले. व्हिसा आणि प्रवासखर्चाच्या अडचणींमुळे तिथल्या खेळाडूंना बाहेर फारसे जाता येत नव्हते, पण त्यांनी आपापसांत इतका कसून सराव केला होता की बाहेरच्या जगाला त्यांची पातळी कळलीच नव्हती. अर्सलानची सुरुवात आर्केडमधल्या ‘किंग ऑफ फायटर्स’पासून झाली होती, आणि हाच गेम, विशेषतः त्याची ९७ची आवृत्ती, मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्येही त्या पिढीने नाणी टाकून खेळली. हरणाऱ्याने उठायचे आणि जिंकणाऱ्याने बसून राहायचे या नियमामुळे तिथे एकाच माणसाशी पुन्हा पुन्हा गाठ पडे. ऑनलाइन रँक सामन्यांत दोन-तीन खेळांत प्रतिस्पर्धी बदलतो, त्यामुळे त्याच्या सवयी ओळखून स्वतःच्या सवयी मोडण्याची वेळच येत नाही.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा आहे. पुढचा महिना नवे कॉम्बो बंद ठेवा. तुमच्या पातळीचा किंवा थोडा वरचा एक खेळाडू शोधा, शक्यतो जवळच्या शहरातला, म्हणजे जोडणीतला विलंब कमी राहील. रोलबॅक तंत्र विलंब झाकते, पण दूरच्या जोडणीवर समोरच्या चालीच्या सुरुवातीच्या फ्रेम गिळल्या जातात आणि प्रतिक्रियेचा सराव बिघडतो. त्याच्याशी आधी दहा विजय मिळवणारा जिंकेल अशा लांब मालिका खेळा. मग रिप्ले उघडा, आणि तुम्ही राउंड हरलात तो क्षण न पाहता, तुम्ही पहिल्यांदा कोपऱ्यात गेलात तिथपासून दहा सेकंद मागे जा. तिथे कोणत्या पावलाला, कोणत्या हवेत गेलेल्या लाथेला किंवा कोणत्या अनावश्यक उडीला जागा गमावली ते लिहून ठेवा. जमिनीवरून उठताना प्रत्येक वेळी काय केलेत, याची वेगळी नोंद करा. बहुतेकांच्या नोंदीत एकच उत्तर ओळीने पाच-सहा वेळा सापडते. ‘टेक्केन ८’ खेळत असाल तर रिप्लेच्या मधूनच नियंत्रण हाती घेऊन त्या क्षणी दुसरा पर्याय करून पाहता येतो, त्या सोयीचा पुरेपूर उपयोग करा. आणि पुढच्या मालिकेत फक्त एकच ठिकाण निवडून बदला, उदाहरणार्थ ‘आयुष्य निम्म्याहून अधिक असताना कोपऱ्यात थ्रो तोडायला घाई करणार नाही’. पहिले काही सामने तुम्ही जास्त थ्रो खाल आणि कदाचित हरालही, पण तुमचा प्रतिस्पर्धी शिमीसाठी मागे सरकून रिकामाच उभा राहिलेला तुम्हाला दिसू लागेल, आणि त्या रिकाम्या क्षणी कोपऱ्यातून बाहेर चालत येता येते.